विंडोज बदलू की लॅपटॉप? वारंगा फाट्याहून आलेल्या शंका

वारंगा फाट्यावर नांदेड, हिंगोली आणि नागपूरकडचे रस्ते एकत्र येतात. कळमनुरी तालुक्यातल्या आसपासच्या गावांची ऑनलाइन कामेही याच फाट्यावर उरकली जातात. पीकविमा, फार्मर आयडी, डिजिटल सातबारा, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळे इथेच. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या आणि तेव्हापासून या भागातली पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरत आहेत. सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. लॅपटॉप सारखे असले तरी त्यांवर होणारी कामे सारखी नसतात, आणि निर्णय कामावरूनच करावा लागतो.

शंका : सर, फाट्यावर माझे सेवा केंद्र आहे. लॅपटॉप २०१७ साली घेतला. कोअर आय५-६२००यू, ८ जीबी रॅम, विंडोज १०. त्यावर थंब मशीन, प्रिंटर आणि आधारवरून पैसे काढून देण्याचे काम चालते. सकाळी सुरू व्हायला खूप वेळ लागतो, मध्येच हँग होतो, लोक रांगेत उभे राहून वैतागतात. एक ओळखीचा मुलगा हजार रुपयांत विंडोज ११ टाकून देतो म्हणतो. घरचे म्हणतात, चालतंय ना, मग कशाला खर्च? काय करू?
— एक सेवा केंद्रचालक, वारंगा फाटा

समाधान : तुमच्या पत्रात दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. लॅपटॉप संथ चालतो हे एक, आणि त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत हे दुसरे. दुकानात गेल्यावर या दोन्हींवर एकच औषध सांगतात, नवा घ्या. म्हणून आधी ती वेगळी करू.

संथपणाचे कारण बहुतेक वेळा प्रोसेसर नसतो. २०१७ च्या लॅपटॉपमध्ये फिरत्या चकतीची हार्डडिस्क असते. ती सेकंदाला साधारण शंभर एमबी वाचते, आणि तेही सगळी माहिती एका ओळीत असेल तर. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली चकतीच्या कानाकोपऱ्यांतून गोळा कराव्या लागतात आणि तिथेच सगळा वेळ जातो. साटा एसएसडी सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास वाचते, आणि तिच्यात फिरणारे काहीच नसल्यामुळे बारीक फायली शोधायला तिला वेळ लागत नाही. अडीच इंची एसएसडी तुमच्या हार्डडिस्कच्याच जागी बसते. रॅम ८ जीबी आहे, ती पुरे. तेवढ्या एका बदलाने हा लॅपटॉप तुम्हाला ओळखू येणार नाही इतका झटपट चालेल.

दुसरे दुखणे मात्र एसएसडीने जाणार नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडते. विंडोज ११ साठी दुरुस्ती आली की हल्ला करणारे ती उलगडून बघतात आणि मूळ भोक कुठे होते ते त्यांना कळते. विंडोज १० आणि ११ यांचा बराच पाया एकच आहे. म्हणजे नव्या विंडोजमध्ये बुजवलेले भोक जुन्यात उघडे राहते, आणि ते कुठे आहे हेही आता जाहीर झालेले असते. तुमच्याकडचा डिफेंडर अँटिव्हायरस अपडेट होताना दिसेल, कारण विंडोज १० वर त्याच्या व्याख्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत. पण अँटिव्हायरस आत आलेल्याला ओळखायचा प्रयत्न करतो, भोक बुजवत नाही.

ही नुसती भीती घालणे नाही. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भोकाची दुरुस्ती दिली होती. ती ज्यांनी घेतली नव्हती त्यांच्या संगणकांवर १२ मे रोजी वानाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस आला आणि जगभर फायली कुलूपबंद झाल्या. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आला. त्याने तेच भोक आणि सोबत चोरलेले पासवर्ड वापरले. त्याची झळ आपल्या महाराष्ट्रातल्या न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदराला बसली. तिथले मर्स्क समूहाकडचे टर्मिनल ठप्प झाले आणि कंटेनर अडकून पडले. एवढ्या मोठ्या जागतिक कंपनीची ही गत झाली.

तुमच्या केंद्रात दिवसभर लोक आधार क्रमांक सांगतात, अंगठा लावतात, बँकेचे पासबुक पुढे करतात. त्यातल्या कितीतरी जणांना लॅपटॉपमध्ये विंडोज कोणते आहे हे विचारायचे असते हेही ठाऊक नसते. ते तुमच्याकडे पाहून विश्वास टाकतात. स्वतःच्या फोटोंचा धोका माणसाने स्वतः पत्करला तर ती त्याची मर्जी. दुसऱ्याच्या खात्याचा धोका आपण पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता हजार रुपयांच्या विंडोज ११ कडे येतो. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. आय५-६२००यू सहाव्या पिढीचा आहे. तपासणी चुकवून त्यावर विंडोज ११ बसवता येते, तो मुलगा खोटे बोलत नाही. पण अशा यंत्राला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही. ती प्रत्येक वेळी पुन्हा तशीच आडवाटेने टाकावी लागते. घरी शिकण्यासाठी करून बघायला हरकत नाही. ज्या लॅपटॉपवर रोजची रांग उभी आहे त्यावर नको. आणि तो मुलगा विंडोज ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करायला अँटिव्हायरस बंद करून एखादी फाइल चालवत असेल, तर त्याला तिथेच थांबवा. चोरटे प्रोग्राम लॅपटॉपमध्ये शिरण्याचा हा हमरस्ता आहे.

मुदतवाढीचा मार्ग उरतो. विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेण्याची योजना आहे, आणि सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यावर ठेवला तर ती फुकट मिळते. पण ती घरगुती वापरासाठी आहे. व्यवसायासाठीची योजना वेगळी आहे : एका संगणकाला पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षे. ६१, १२२ आणि २४४ मिळून ४२७ डॉलर होतात. रुपयांत हा आकडा पस्तीस हजारांच्या पुढे जातो. एवढ्या पैशात जुने यंत्र तीन वर्षे ओढण्यात अर्थ नाही.

लिनक्सही इथे चालणार नाही. थंब मशीनची आरडी सर्व्हिस आणि तिचे ड्रायव्हर प्रामुख्याने विंडोजसाठी बनतात, आणि तुमचे रोजचे उत्पन्न त्यावर आहे.

तेव्हा केंद्रासाठी दुसरा लॅपटॉप घ्या. नवाच पाहिजे असे नाही, विंडोज ११ अधिकृतपणे चालणारा पाहिजे. घेण्याआधी तुमच्या थंब मशीनच्या आणि प्रिंटरच्या नेमक्या मॉडेलचा विंडोज ११ चा ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावर आहे का ते बघा. शक्य असेल तर मशीन दुकानात नेऊन जोडूनच बघा. बदल जुलैत करू नका, तेव्हा खरीप पीकविम्याची गर्दी असते. आधी काही दिवस दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवा आणि एकेक काम नव्यावर न्या. सगळे सुरळीत झाले की जुन्यातली ग्राहकांची कागदपत्रे पुसा, त्यात एसएसडी टाका आणि तो मुलांच्या अभ्यासासाठी घरी न्या.

शंका : आपला लॅपटॉप विंडोज ११ ला बसतो की नाही हे घरच्या घरी कसे ओळखावे?
— एक वाचक, आखाडा बाळापूर

समाधान : मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो थेट सांगतो. त्याआधी ‘धिस पीसी’वर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये प्रोसेसरचे नाव वाचा. आय५-८२५०यू मधला ८ म्हणजे आठवी पिढी, चालेल. आय३-७०२०यू मधला ७ म्हणजे सातवी, चालणार नाही. आकडा १० किंवा ११ ने सुरू होत असेल तर तीच पिढी समजा. एएमडीच्या ए६, ए९ मालिका बसत नाहीत.

प्रोसेसर योग्य असूनही नकार आला तर लगेच निराश होऊ नका. बऱ्याचदा टीपीएम ही सुरक्षेची सोय बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलमध्ये ती पीटीटी या नावाने दिसते, एएमडीमध्ये एफटीपीएम. ती चालू केली की काम होते. अस्सल विंडोज १० असेल आणि यंत्र पात्र असेल तर विंडोज ११ फुकट मिळते, त्याच्या ‘की’साठी कोणालाही पैसे देऊ नका.

एक काळजी मात्र सगळ्यांनी घ्या. विंडोज ११ अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप कूटबद्ध करते आणि तिची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवते. ते खाते दुकानदाराच्या ईमेलवर उघडलेले असेल किंवा बंद पडलेल्या मोबाइल नंबरला जोडलेले असेल, तर एखाद्या दिवशी लॅपटॉप की मागेल आणि तुमच्याकडे ती नसेल. मग आतले काहीही परत मिळत नाही. खाते स्वतःच्या नावाने उघडा आणि ती की कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांत ठेवा.

शंका : मुलीला नांदेडला बीसीएला प्रवेश मिळाला. घरात थोरल्याचा २०१९ चा लॅपटॉप आहे (आय३-७०२०यू, ४ जीबी). दुकानदार म्हणतो हा आता भंगार, नवा घ्या, हप्ते करून देतो. यंदा हळदीचा पैसा हाती येईपर्यंत हप्ते जड जातील. पण पोरीचे नुकसान नको.
— एक शेतकरी, डोंगरकडा

समाधान : भाऊ, पहिल्या वर्षासाठी हप्त्याचा लॅपटॉप घेऊ नका. घरातला भंगार झालेला नाही.

२०१९ साली घेतलेल्या यंत्राला नवे विंडोज चालत नाही, हे तुम्हाला अन्यायाचे वाटत असेल तर ते खरेच आहे. सातव्या पिढीचा हा प्रोसेसर २०१८ मध्ये बाजारात आला होता. यंत्र धडधाकट आहे, नियमाने ते बाहेर पडले आहे. पण बीसीएच्या सुरुवातीला सी, पायथन, डेटाबेस, वेबपाने असे विषय असतात आणि त्यांना हा प्रोसेसर पुरतो. त्यात एसएसडी टाका आणि रॅम ४ वरून ८ जीबी करा. हा खर्च नव्या लॅपटॉपच्या बराच खाली राहतो. मात्र २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव जगभर चढले आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून मेमरी चिपना मोठी मागणी आहे. त्यामुळे नांदेडला दोन-तीन दुकानांत भाव विचारा. तुमच्या लॅपटॉपमध्ये दुसऱ्या यंत्रातून काढलेली, चांगल्या स्थितीतली रॅम बसत असेल तर तीही चालते.

सुरक्षेसाठी वर सांगितलेली मोफत मुदतवाढ घ्या. तुमचा वापर घरगुती आहे, त्यामुळे तुम्हाला ती लागू होते. सेटिंगमधल्या विंडोज अपडेटमध्ये नोंदणीचा दुवा दिसतो. तो दिसत नसेल तर आधी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती येईपर्यंत सगळे अपडेट चालवा. आणि मुलीला त्याच लॅपटॉपवर शेजारी लिनक्स मिंट बसवायला सांगा. संगणक शिकणाऱ्या मुलीने लिनक्स हाताळायला शिकणे हे तिच्या शिक्षणाचाच भाग आहे. जगातले बहुतेक सर्व्हर त्यावरच चालतात. १३ ऑक्टोबर २०२६ नंतर विंडोज १० इंटरनेटवरून बाजूला करायचे आणि लिनक्सवर काम करायचे. लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत.

दुसऱ्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओसारखी जड कामे आली की नव्याचा विचार करा. तेव्हा रिफर्बिश्डही बघा. कंपन्यांनी वापरून काढलेले लॅटिट्यूड किंवा थिंकपॅड मजबूत असतात. पण आठव्या पिढीच्या आतला घेऊ नका, शक्यतो दहावी-अकरावी बघा. ‘आय५ आहे’ एवढ्यावर भुलू नका, पिढी विचारा. चौथ्या पिढीचा आय५ आजही चकचकीत करून विकला जातो. जीएसटीचे बिल आणि त्यावर अनुक्रमांक लिहून घ्या, बॅटरी किती वेळ टिकते ते दुकानात बसून बघा. नवा घेतलात तर रॅम वाढवायची मोकळी जागा आहे का ते विचारा. बऱ्याच बारीक लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच चिकटवलेली असते आणि पुढे वाढवता येत नाही. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण असलेला स्वस्तातला सेलेरॉन लॅपटॉप विंडोज ११ सह मिळतो. किमान अटींत तो बसतो, पण बीसीएच्या कामाला अजिबात नाही. त्याच्यापेक्षा तुमचा घरचा लॅपटॉप दुरुस्तीनंतर सरस ठरेल.

शंका : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. लॅपटॉप २०१३ चा, विंडोज ७. आता क्रोमही अपडेट होत नाही. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका आणि टाचणे खूप आहेत. नव्या विंडोजवर ती उघडणार नाहीत, याची भीती वाटते.
— एक शिक्षिका, कळमनुरी तालुका

समाधान : मॅडम, विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला आणि फेब्रुवारी २०२३ नंतर नवे क्रोमही त्यासाठी येईनासे झाले. त्यावरून यूडायस प्लस, शालार्थ किंवा बँकेत लॉगिन करणे आजपासून थांबवा. यात थोडे-बहुत चालेल असे काही नाही.

तुमची खरी ठेव फायलींत आहे, म्हणून आधी त्यांचे बघू. कृती देव किंवा श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये संगणक खरे तर इंग्रजी अक्षरे साठवतो आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट नसला की पानभर निरर्थक इंग्रजी दिसते, पण फाइल बिघडलेली नसते. सगळ्या फायली आणि फॉन्टच्या फायली पेनड्राइव्हवर घ्या, शिवाय आणखी एका ठिकाणी प्रत ठेवा. मग पुन्हा लागणारी टाचणे परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा. र्‍हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घाला, तिथे परिवर्तक हमखास गडबडतो. पुढचे सगळे टायपिंग युनिकोडमध्येच करा. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येही असतो आणि लिनक्समध्येही, त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही.

२०१३ च्या लॅपटॉपसाठी विंडोज ११ हा विषयच नाही. एसएसडी आणि लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती त्यावर नीट चालेल. लिबरऑफिस, दीक्षा, यूट्यूब, ब्राउझरमधली शासकीय कामे सगळी होतात. केरळमधल्या सरकारी शाळा गेली कित्येक वर्षे लिनक्सवर चालतात आणि तिथले शिक्षक मल्याळममध्ये सगळे काम करतात. आपल्या शाळांनीही हे मनावर घ्यावे असे मला मनापासून वाटते, कारण जुन्या संगणकांची अख्खी खोली त्याने पुन्हा चालू होऊ शकते. अडचण येईल ती प्रिंटरची. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर लगेच ओळखले जातात. कॅननचा एलबीपी २९०० आपल्याकडे जागोजागी आहे, तो बसवणे मात्र किचकट आहे. तो असेल तर पीडीएफ करून दुसऱ्या संगणकावरून छापा.

शंका : हळदीच्या खरेदीचे सगळे हिशेब टॅलीत आहेत. संगणक आठव्या पिढीचा, विंडोज १०. ११ टाकले तर हिशेब जातील का?
— एक आडत व्यापारी, वसमत

समाधान : जाणार नाहीत. तुमचे यंत्र पात्र आहे, अपग्रेड करा, नवा घ्यायची गरज नाही. आदल्या दिवशी टॅलीचा डेटा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून खात्री करा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नका. पुढे कधी संगणकच बदललात तर जुन्यावर टॅलीचे लायसन्स आधी सरेंडर करा, नाहीतर नव्यावर चालू करताना खोळंबा होतो. हंगामात हे काम काढू नका.

शंका : बंद पडलेले दोन लॅपटॉप घरात आहेत. भंगारवाल्याला द्यावेत का?
— एक वाचक, वारंगा फाटा

समाधान : तसेच देऊ नका. आधी हार्डडिस्क काढून घ्या, त्यात तुमची कागदपत्रे आहेत. फुगलेली बॅटरी टोचू किंवा दाबू नका, ती पेट घेते. उघड्यावर वायरी आणि सर्किट जाळली की विषारी धूर आणि शिसे आपल्याच मातीत-पाण्यात येते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून परत घेण्याची व्यवस्था विचारा. जिल्ह्याच्या ठिकाणी ई-कचरा संकलन होते तेव्हाही देता येईल.

पुढच्या अंकासाठी पत्र लिहिताना प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅम, हार्डडिस्क आहे की एसएसडी, आणि लॅपटॉपवर रोज कोणते काम होते एवढे जरूर लिहा. आधार क्रमांक, पासवर्ड किंवा ओटीपी पत्रात कधीही लिहू नका. ज्यांनी विंडोज १० ची मोफत मुदतवाढ घेतली आहे त्यांनी १३ ऑक्टोबर २०२६ ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.